चहाच्या खोक्यातला आवाज

मार्गशीर्ष लागला की यवतमाळहून घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. कापसाच्या गाड्या खालून जातात आणि बाभळीचे काटे त्यातला थोडा थोडा कापूस ओढून ठेवतात. पूर्वी बैलांच्या बंड्या जायच्या, आता ट्रॅक्टर जातात. काटे मात्र आपला वाटा घेतातच. परवा भाचीकडे जाताना एसटीच्या खिडकीतून ते पुंजके दिसले, पाठोपाठ सरकीचा उबट, तेलकट वास आला आणि एक इंजिन माझ्या कानात सुरू झालं. त्या जिनातलं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातलं, इंजिन भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली. माझ्या कानात ते अजून दसऱ्यानंतर सुरू होतं आणि होळीपर्यंत चालतं.

सदुसष्ट-अडुसष्टचा तो हंगाम. मी तेवीस वर्षांची होते, घाटंजीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मला आवाज नव्हता.

अगदीच नव्हता असं नाही. आदल्या वर्षी गळ्यात गाठ आली, लिंबाएवढी झाली, बाबांनी मला नागपूरला नेलं, गाठ काढली. गाठ गेली आणि तिच्यामागे आवाजही गेला. उरली ती एक खरखर, कोरड्या पाचोळ्यावरून कुणी चालत जावं तशी. त्याआधी मी गायची. गावातल्या लग्नांत मंगलाष्टकांना मला बोलावत. आता बाजारात भाजीवालीला भाव विचारायचा तरी तिच्या कानाशी वाकावं लागे.

आणि माझे बाबा होते जिनात काटेवाले. बंडीतला कापूस काट्यावर चढला की वजन मोठ्याने पुकारायचं, म्हणजे पलीकडच्या टोकाला बसलेला मुनीम ते लिहून घेई. इंजिनाच्या धडधडीवरून बाबांचा आवाज निघायचा तो शाळेच्या भिंतीवरून आत यायचा. शाळा आणि जिन यांच्यात एकच भिंत होती. पोरी पाढे म्हणत आणि मध्येच बाबांचा आकडा ऐकू आला की चुकत, मग हसत. मीही हसायची. ऑपरेशनच्या आधी.

नागपूरहून परत आल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. भांडण काही नव्हतं. माझा आवाज ऐकला की त्यांचा चेहरा बदले आणि ते उठून जात. काही सांगायचं असलं तर आईला सांगत. मी समोर बसलेली असताना म्हणत, "तिले सांग, उद्या मी लवकर जाणार हाओ." मला वाटे, गावभर आवाज घुमणाऱ्या माणसाला अशी मुकी पोरगी नको झाली आहे.

त्या वर्षी आश्विनात शाळेची तपासणी झाली. जिन नुकताच सुरू झाला होता. तपासणीसाहेब माझ्या वर्गात शेवटच्या ओळीत बसले, दहा मिनिटांनी उठले आणि गेले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तशा मायाळू होत्या. त्यांनी शेरा मला वाचून दाखवला नाही, वही माझ्यापुढे सरकवली. 'शिक्षिकेचा आवाज वर्गात पोहोचत नाही. माघात पुन्हा पाहावे.'

"माझ्या हातात काही नाही, सिंधू," त्या म्हणाल्या. "तू अजून तात्पुरती आहेस. माघात त्यांनी हेच लिहिलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

माझ्याकडे होती एक गिटार. नागपूरचे मामा रेल्वेत होते, ते हवाईयन गिटार वाजवत. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली लोखंडी पट्टी तारांवरून सरकवायची. सूर घसरत जातो, माणसाच्या गळ्यासारखा. ऑपरेशननंतर महिनाभर मी मामांकडे होते. निघताना त्यांनी ती माझ्याबरोबर दिली. "गळा गेला, हात आहेत ना," एवढंच म्हणाले. वर्गात पाखरांची कविता मी त्या गिटारीवर वाजवून शिकवायला लागले. पहिल्या दोन ओळींतल्या पोरी म्हणत, बाकीच्या चाळीस जणी त्यांच्या तोंडाकडे बघत. माझ्या गळ्यासारखीच गिटारही भिंतीपलीकडच्या इंजिनापुढे हरत होती.

मामांच्या घरी मी एका क्लबातल्या माणसाची गिटार ऐकली होती. तिला वायर होती आणि वायरीच्या टोकाला आवाज मोठा करणारा डबा. तो डबा विकत घेणं आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण तो माणसांनीच बनवला असणार, ही गोष्ट एकदा डोक्यात शिरली ती निघेना.

बाजारओळीत सत्तारभाईंचं दुकान होतं. स्टोव्ह, गॅसबत्त्या, टॉर्च, आणि अलीकडे अलीकडे ट्रान्झिस्टर. शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी जवळ जाऊन सांगितलं, त्यांनी डोकं वाकवून शांतपणे ऐकलं. माझ्या आवाजाला न दचकणारं ते पहिलं माणूस.

"बाई, म्या असा डब्बा कधी बनवला नाही," ते म्हणाले. "पण पाहा, रेडिओत दोन कामं असतात. एक टेशन पकडाचं, दुसरं आवाज मोठा कराचं. आपल्याले टेशन पाह्यजेच नाही."

त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा माझ्यापुढे उपडा केला. त्यात तळहाताएवढ्या पिवळट पट्ट्या होत्या, एका अंगाला तांब्याच्या रेषा छापलेल्या, दुसऱ्या अंगाला इवले इवले रंगीत मणी. दुरुस्त न होणाऱ्या ट्रान्झिस्टरांची आतडी. लोक सोडून गेलेली, नाहीतर नागपूरच्या भंगारातून वजनावर आलेली.

"यातल्या कितीकात आवाजाचा भाग जिता असन. शोधा लागन."

"मी शोधते," मी म्हटलं. "मला शिकवा."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. मग पडद्याआड हाक दिली, "अमीना, बाईले बसाले पाट दे!"

दुकानाच्या मागेच त्यांचं घर. अमीनाभाभी लोकांचे कपडे शिवत. त्या दिवसापासून मी रोज शाळा सुटली की त्या दोन खोल्यांच्या मधल्या जागेत पाटावर बसू लागले. अलीकडे सत्तारभाई, पलीकडे भाभींची हाताने फिरवायची मशीन. स्टोव्हवर सळई तापवायची, राळेत बुडवायची, कथलाचा थेंब उचलायचा आणि तारेच्या जोडाला डाग द्यायचा. राळेचा तो गोडसर धूर माझ्या पातळाला येई, आई ते पातळ वेगळं धुवायची. पट्टीवरच्या मण्यांतला एक म्हणजे खुद्द ट्रान्झिस्टर, त्याचे पाय केसासारखे. डाग देताना पाय चिमट्यात धरायचा, नाहीतर उष्णता वर चढून तो मरतो. मी पहिल्या आठवड्यात तीन मारले. एके दिवशी, सत्तारभाई गिऱ्हाइकाशी बोलत असताना, घाईत मी सेल उलटे जोडले. चांगली चालणारी एकुलती एक पट्टी. एक बारीक कडू वास आला आणि संपलं.

"मी केलं," मी म्हटलं.

सत्तारभाईंनी पट्टी नाकाशी नेली. "गेली बिचारी." मग मला म्हणाले, "रडू नका बाई. उलटा सेल म्याबी लावला होता, उस्तादच्या घरी. आता जिंदगीत पुन्हा नाही लावणार, ना म्या, ना तुमी. चला, दुसरी शोधा."

मी रडत नव्हते. म्हणजे, थांबवलं होतं. पुन्हा डब्यात हात घातला.

एका पट्टीचा आवाज वर्गापुरताही होणार नव्हता. म्हणून दोन पट्ट्या, प्रत्येकीला आपला वेगळा कर्णा, म्हणजे स्पीकर, असं ठरलं. त्या दोन मिळाल्या तेव्हा कार्तिक सरला होता. राहिलं होतं गिटारीचं टोक. तारांचं थरथरणं पकडायला लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबक एका जुन्या हेडफोनमधून निघाला. तार जळक्या कॉइलमधून उलगडायची होती, माणसाच्या केसाहून बारीक. बोटांनी गुंडाळली की तुटे.

हे सगळं चालू असताना जिनाच्या आवारात कुणीतरी बाबांना म्हणालं, तुमची सिंधू सत्तारच्या घरी बसलेली असते. त्या दिवशी जेवताना बाबांनी ताटावरून मान वर न करता आईला सांगितलं, "तिले सांग, उद्यापासून तिकडे जाचं नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईलाच सांगितलं, "त्यांना सांग, माघात माझी नोकरी जाईल. तोवर मी जाणार."

आई दोघांच्या मध्ये बसली होती, हातात भाकरी. तिने ना माझं तिकडे पोहोचवलं, ना त्यांचं इकडे. बाबांनी ऐकलं होतंच. ते उठले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी निघायच्या तयारीत होते आणि दारात अमीनाभाभी उभ्या. कमरेवर शिलाई मशीन, हातात वायरींची पिशवी, मागे सत्तारभाई संकोचून लांब रस्त्यावरच थांबलेले.

"बाई आमच्या घरी येऊन राह्यली त लोकायले त्रास होते म्हणे," भाभी आईला म्हणाल्या. "म्हणून म्याच आली. तुमच्या ओसरीत बसलं त चालन ना, माय?"

आईने केरसुणी उचलली. मग तिने ओसरी झाडली आणि सतरंजी टाकली. "त्यायले कायले बाहेर उभं केलं?" ती म्हणाली. "बोलवा आत."

मशीनवर बॉबिन भरायचं जे छोटं चाक असतं, त्यावर आम्ही चुंबक बसवला. भाभी हात फिरवत, तार माझ्या दोन बोटांतून हलकेच सरकत जाई आणि मी मोजत असे. दर शंभराला सत्तारभाई पाटीवर रेघ ओढत. पंधराशेच्या पुढे तार तुटली. पुन्हा सुरू केलं. दोन हजारांवर तुटली. भाभी म्हणाल्या, "थांबू का?" मी मान हलवली. तिसऱ्यांदा भाभींनी हात अजून सावकाश फिरवला. ओसरीत त्या चाकाची फक्त कुरकुर होती, माझ्या बोटांच्या चामडीवर तार करकोचे पाडत होती आणि पाटीवर रेघा वाढत होत्या. चाळीस रेघा झाल्या तेव्हा उन्हं अंगणाच्या मधोमध आली होती. बाबा जिनातून जेवायला आले, पायरीवर थांबले. समोर आईसकट चौघं वाकून एका बोटभर वस्तूकडे बघत बसलेली. सत्तारभाई घाईने उठले. "सलाम, काटेवाले."

बाबांनी मान डोलवली. चपला काढल्या, आमच्या कडेने आत गेले. जेवले आणि तसेच कडेने बाहेर पडले.

त्या आठवड्यात एक दिवस शाळेतून आले तर ओसरीत चहाचं लाकडी खोकं होतं, जाड फळ्यांचं, आतला पत्रा काढून पुसून ठेवलेलं. कर्णे बसवायला मी कुठून तरी लाकूड शोधणार, हे मी फक्त आईला बोलले होते.

"हे कोणी आणलं?"

"जिनातून आलं," आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

खोक्याला दोन भोकं पाडली, कर्णे बसवले, मागे पट्ट्या, खाली सेल. पहिल्यांदा जोडलं तेव्हा गिटारीऐवजी अशी किंकाळी निघाली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. दोन दिवस आम्ही दोष पट्टीत शोधला. मग कळलं, खोकं गिटारीसमोर ठेवलं की गिटार खोक्याचाच आवाज ऐकते आणि तो परत खोक्यात पाठवते. खोकं पुढे, पोरींकडे तोंड करून, आणि गिटार त्याच्या पाठीमागे. मग मी गिटारीची लोखंडी पट्टी तारेवर ठेवली आणि एकच तार छेडली.

तो सूर ओसरीतून निघाला, अंगण ओलांडून गेला आणि रस्त्यावरून जाणारा एक बंडीवाला थांबून मागे बघू लागला. माझ्या हातून काहीतरी लांबवर गेलं होतं, दीड वर्षानंतर. सत्तारभाईंनी चष्मा काढला. भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पुन्हा तीच तार छेडली. दुसरं काही वाजवायचं मला सुचलंच नाही.

आता या वयात लोक विचारतात, एवढी जिद्द कुठून आली. मला ती जिद्द वाटत नव्हती. मला वर्गात उभं राहायचं होतं. त्यासाठी जे करायचं ते समोर आलं तसं एकेक केलं. चार हजार वेढे असे बसलेच नसते. शंभर बसत होते, मग पुढचे शंभर.

माघात साहेब आले. मोठ्या बाई खोक्याला घाबरत होत्या. "शॉक तर नाही ना बसणार पोरींना?" मी सेल दाखवले, टॉर्चचेच. साहेब शेवटच्या ओळीत बसले. भिंतीपलीकडे इंजिन जोरात होतं. मी पाखरांची कविता वाजवली. पहिलं कडवं संपायच्या आत मागच्या चाळीस पोरी सुरात होत्या, काही तर उभ्याच राहिल्या.

साहेबांनी हात वर केला. "छान. पण गाण्याचं ऐकू आलं. गणिताचं काय करता?"

या प्रश्नाची मी महिनाभर वाट पाहत होते. फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन. गिटार पोरींना दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि सगळी तार छेडली. मग लोखंडी पट्टी बरोबर मध्यावर ठेवली आणि पुन्हा छेडली. तोच सूर, पण वरचा. एका पोरीला दोरी घेऊन मोजायला लावलं. अर्धी तार. मग तीन भागांतले दोन भाग मोकळे सोडले, दोन छेद तीन, आणि सूर पंचमावर गेला. चार भागांतले तीन, आणि मध्यम. मध्येच भिंतीपलीकडचं इंजिन थोडा वेळ थांबलं, मी वाजवतच राहिले. डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं, फळ्यावर लिहायचं. मी जवळजवळ बोललेच नाही.

साहेबांनी मागच्या ओळीतल्या एका पोरीला विचारलं, "दोन छेद तीन मोठा की एक छेद दोन?" ती कोतवालाची मुलगी, नेहमी खिडकीबाहेर बघणारी. तिने हवेतच दोन्ही हातांनी तार धरली, मोजली आणि म्हणाली, "दोन छेद तीन मोठा, सर. त्याची तार लांब हाये, म्हणून आवाज जाडा येते."

साहेब खूप वेळ लिहीत होते असं मला वाटलं. प्रत्यक्षात शेरा एका ओळीचा होता. 'आवाज क्षीण. अध्यापन समाधानकारक. पुढे चालू ठेवावे.' मोठ्या बाईंनी तो मला दोनदा वाचून दाखवला. मी सत्तारभाईंच्या दुकानात धावत गेले, शाळेची बाई असूनही धावत. त्यांनी ऐकलं आणि पडद्याआड मोठ्याने सांगितलं, "अमीना, आपला डब्बा पास झाला!"

पुढे एकतीस वर्षं मी शिकवलं. पण त्या हंगामाचं जे मनात सगळ्यात वर आहे ते शाळेतलं नाही.

तपासणीच्या त्या दिवशी सूर्य मावळायच्या आधीच बाबा घरी आले, हंगामात कधी येत नसत. ओसरीत माझ्यासमोर बसले. आई आत होती. मला वाटलं आता आईला हाक मारतील. मारली नाही.

"इंजन पाणी टाकाले बंद केलं होतं दुपारी," ते म्हणाले. माझ्याकडे बघून. "मी काट्यावर होतो. भिंतीपलीकून तुहा सूर आला. मुनीम म्हणे, काटेवाले, पुकारा ना. मले पुकारता आलं नाही."

मी बोलले तर उठून जातील, अशी भीती.

"तुले एक सांगाचं हाये," ते म्हणाले. पुकारणारा तो आवाज अगदी खाली आला होता. "नागपुरात डाक्टरनं मले आधी सांगतलं होतं. म्हणे, गाठ काढताना आवाज जाऊ शकते. इचार करून सही करा. म्या तुले सांगतलं नाही, सिंधे. गाठ वाढून राह्यली होती. मले वाटलं, तुले सांगतलं त तू नाही म्हणशीन. म्हणून म्या एकट्यानंच सही केली. तू बोलली की मले तो कागद दिसते."

दीड वर्ष मी या माणसाला माझी लाज वाटते असं धरून चालले होते. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. खोकं बाजूलाच होतं, बंद.

"मी हो म्हटलं असतं, बाबा," मी म्हणाले.

पलीकडे जिनाचं इंजिन पुन्हा सुरू झालं होतं. माझं बोलणं त्यात गेलं असावं. बाबा जागचे हलले नाहीत. ते पुढे झुकले आणि कान माझ्या तोंडाशी आणला.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.